शिसेरावांचा शब्द

शिसेरावांना नळ दुरुस्तीला बोलवायचं, तर आधी घरात बसायला खुर्ची आहे का ते बघावं लागे. त्यांच्यासाठी नव्हे, आपल्यासाठी. वॉशर बदलायला लागायचा त्याच्या तिप्पट वेळ त्यांच्या शब्दाला लागायचा. नमनाला घडाभर तेल म्हणतात. इथे नमनालाच गच्चीवरची टाकी रिकामी व्हायची.

“वहिनी, प्लंबर म्हणजे काय, माहीत आहे?” पाना बाजूला ठेवून ते घरच्या बाईला विचारत.

“नळ दुरुस्त करणारा,” वहिनी म्हणत. “म्हणजे, करत असला तर.”

“चूक! प्लंबर म्हणजे शिसेवाला. रोम होतं ना, रोम? त्या लोकांच्या भाषेत शिशाला म्हणायचे प्लंबम. त्यांचे पाण्याचे नळ शिशाचे. ते नळ ओतणारा, जोडणारा माणूस तो प्लंबर. पाण्याचा यात काही संबंध नाही. शब्दात पाणी नाहीच, वहिनी, शब्दात शिसं आहे. गवंडी भिंतीला ओळंबा लावतो, त्या ओळंब्याचं इंग्रजी नावही ह्याच शिशावरून आलेलं. आणि इंग्रज काय करतात? शब्दात ‘ब’ लिहितात आणि बोलताना गिळून टाकतात. प्लमर म्हणतात, प्लमर! आपण बघा, लख्ख म्हणतो. प्लं-ब-र. दोन हजार वर्षांचा ‘ब’ आपण सांभाळलाय.”

“तो सांभाळलात, छान केलंत. आता माझा नळही सांभाळा. बादली भरली.”

हे ज्ञान त्यांना शाळेच्या भाषामास्तरांनी दिलं होतं. शाळेची तुंबलेली नळी मोकळी करायला ते तरुणपणी गेले होते, तेव्हा मास्तर बाजूला उभे राहून सहज बोलून गेले. मास्तर विसरले, पुढे वारलेही. शिसेराव मात्र तो शब्द मेडलसारखा छातीवर लावून घरोघर फिरले. त्यांचं खरं नाव दाराच्या पाटीवर होतं, पण पाटी कोण वाचतो? गल्लीने त्यांचं ‘शिसेराव’ असं नामकरण केलं आणि त्यांनी ते मानाने घेतलं. चिडवायला ठेवलेलं नाव कुणी मानाने घेतलं की चिडवणाऱ्याचीच पंचाईत होते.

पण नुसती बडबड नव्हती. हाताला गुण होता. जुन्या इमारतींच्या मागे बिडाचे जाड पाईप उभे असतात ना, खालपासून गच्चीपर्यंत, त्यांचे जोड शिशाने भरायचे. एका पाईपचं तोंड दुसऱ्याच्या कपासारख्या रुंद तोंडात बसवायचं, मधल्या फटीत तेलात भिजवलेला ताग ठासायचा, वरून वितळलेलं शिसं एका धारेत ओतायचं. थांबायचं नाही. धार तुटली की जोड तुटला. मग ते थिजलं की बोथट छिन्नीने गोल गोल ठोकत बसवायचं. तो ठोका गल्लीला ओळखू यायचा. नव्या पोरांनी प्लास्टिकचे पाईप आणले, वरून चिकट द्रव फासायचा की झालं काम. शिसेराव त्यांना प्लंबर म्हणत नसत. “गोंदवाले” म्हणत. “पाकिटं चिकटवा म्हणावं, पाईप कशाला चिकटवता?”

आता राहिला प्रश्न, हे शिसं वितळवून स्वच्छ करायचं कुठे. उघड्यावर वारा लागतो, शेगडी फडफडते, धातू असमान तापतो. म्हणून शिसेराव जुन्या जोडांतून निघालेलं शिसं घरी आणत, स्वयंपाकघरातल्या शेगडीवर मोठ्या लोखंडी पळीत वितळवत, वरची राखट साय काढून टाकत आणि स्वच्छ झालेल्या शिशाच्या वड्या पाडून ठेवत; कामावर त्या नुसत्या पातळ करून ओतायच्या. काचेची खिडकी लावून घेत. वारा नको.

आणि पळी धरायची बायको.

ही गोष्ट ते कुणाला सांगत नसत, पण त्यांच्यापेक्षा बायकोला शिसं जास्त कळायचं. कागदाची बारीक सुरळी ती त्यात बुडवायची. सुरळी पिवळट राहिली तर अजून कच्चं. पेटली तर फार तापलं. तपकिरी झाली की ती म्हणायची, “आलं.” एवढंच. त्यांनी साचे पुढे करायचे, तिने ओतायचं. तिची धार कधी तुटली नाही. मग ती पळी खिळ्याला अडकवायची, हाताने ओटा पुसायची आणि त्याच शेगडीवर दूध ठेवायची. ह्या दोघांना एकमेकांशी फार बोलताना कुणी ऐकलं नाही. पण पळीपाशी ते खांद्याला खांदा लावून उभे असत, आणि समोरच्या खिडकीतून बघणाऱ्याला वाटे, चला, संसार म्हणतात तो हाच.

संसारात एक सल होता. लग्नानंतर बायकोला दिवस गेले आणि बाळ राहिलं नाही. पुन्हा गेले, पुन्हा राहिलं नाही. वरच्या मजल्यावर शिसेरावांची थोरली विधवा बहीण राहायची, तिला सगळी गल्ली आक्का म्हणते. आक्कांची जीभ म्हणजे कात्री; धार लावावी लागत नाही. जिन्यात उभ्या राहून, चार जणींना ऐकू जाईल अशा बेताने त्या म्हणाल्या, “हिच्या कुशीतच थारा नाही. जीव येतो आणि घाबरून परत जातो.” चार जणींनी आणखी चार जणींना सांगितलं. नळाचं पाणी पोचायला उशीर लागेल, असलं बोलणं लगेच पोचतं.

कुणाच्या घरी नवं बाळ आलं की बघायला जाणं बायकोने सोडलं. बोलावणं आलं तर डोकं दुखायचं. आणि शिसेराव? ते रोमपर्यंत बोलत, पण ह्या बाबतीत त्यांच्या तोंडाला कुलूप. फार तर म्हणत, “जाऊ दे गं. आक्काचं तोंडच तसं.”

मग एका वर्षी ते इमारतीच्या मागच्या बाजूला शिडीवरून पडले आणि पाय दोन ठिकाणी मोडला. वर्षभर घरात. पळी खिळ्याला, शेगडीवर फक्त स्वयंपाक. बायको लोकांचे कपडे शिवून घर चालवायची. त्याच वर्षी तिला दिवस राहिले आणि वर्ष सरता सरता मुलगी झाली, ठणठणीत, आक्कांपेक्षा मोठ्या आवाजाची. आक्कांनी श्रेयही घेतलं. “मी टोचून बोलले म्हणून लागली कामाला!” पाय बरा झाला, शिसेराव कामावर गेले, शेगडी पुन्हा पेटली. मुलीच्या पाठीवर आणखी एकदा आशा लागली, तीही गेली. त्यानंतर त्या घरात पुन्हा तो विषय निघाला नाही.

एवढं सगळं गल्लीला माहीत होतं. त्याची बेरीज मात्र कुणी केली नव्हती. काखेत कळसा नि गावाला वळसा.

मुलगी मोठी झाली, लग्न झालं. जावई जहाजावर, सहा-सहा महिने समुद्रात. तिला दिवस राहिले तेव्हा तो जहाजावरच होता, म्हणून ती आईबापांकडे राहायला आली. आईच्या अंगात एकदम वीसएक वर्षांपूर्वीची बाई संचारली. पडदे धुतले, पलंग खिडकीपाशी सरकवला, उशीचे अभ्रे नवे शिवले. पण दवाखान्यात जायच्या दिवशी ती म्हणाली, “तुम्ही जा हिच्याबरोबर.”

“अगं, असल्या कामाला आई जाते.”

“मी नको,” ती म्हणाली. “उगाच माझी सावली कशाला.”

शिसेराव इस्त्रीचा शर्ट घालून मुलीबरोबर निघाले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाईच्या नव्हत्या. त्यांनी मुलीला तपासलं, चार प्रश्न विचारले. मग विचारलं, “घरी कोण कोण आहे? कोण काय काम करतं?”

मुलीने कपाळाला हात लावला. पुढे काय होणार ते तिला माहीत होतं.

“मी प्लंबर,” शिसेराव खुर्चीत सरसावले. “आता बाई, तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला सांगायला नको. पण प्लंबर म्हणजे मूळचा...” आणि सुरू झाले. रोम झालं, प्लंबम झालं, ओळंबा झाला, गिळलेला ‘ब’ झाला. डॉक्टरीणबाई हसून ऐकत होत्या. “वा! हे मला माहीत नव्हतं.” शिसेरावांना आणखी चेव आला. “नुसता शब्द नाही बाई. मी अजून शिशाचं काम करतो. गल्लीत कुणी करत नाही. स्वतः वितळवतो.”

“कुठे वितळवता?”

“घरीच. स्वयंपाकघरात. खिडकी लावून. वारा लागला तर—”

डॉक्टरीणबाईंचं हसू हळूहळू उतरलं. त्यांनी पेन टेबलावर ठेवलं.

“आणि हिची आई? ती तिथेच असते?”

“पळी तीच धरते,” शिसेराव म्हणाले, अजून अभिमानाने.

मग डॉक्टरीणबाईंनी जे सांगितलं ते शांतपणे, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. शिशाचा धूर असतो, दिसत नाही. त्याची धूळ भांड्यांवर बसते, कपड्यांतून येते, हाताने तोंडात जाते. ते रक्तात उतरतं, हाडांत राहतं, पोटातल्या बाळापर्यंत पोचतं. आजपासून घरात शिसं नाही. घर ओल्या फडक्याने पुसून निघेपर्यंत मुलीने तिथे झोपायचं नाही. तिघांचंही रक्त तपासायचं.

“ही नुकतीच आली आहे, घाबरू नका,” त्या मुलीला म्हणाल्या. “वेळेवर कळलं.”

शेवटी शिसेरावांनी विचारलं, “बाई, आधीची... जी राहिली नाहीत... ती?”

“किती होती?”

“तीन. हिच्या आधी दोन, नंतर एक. ही झाली त्या वर्षी माझा पाय मोडला होता. शिसं बंद होतं.”

आपण काय बोललो ते त्यांना बोलल्यावर ऐकू आलं.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली. “नक्की कुणालाच सांगता येणार नाही, काका. इतक्या वर्षांनी तर नाहीच. इतरही कारणं असतात. पण शिशाने असं होऊ शकतं, हे माहीत आहे.”

बाहेर बाकावर दोघं बसून राहिली. समोर एक माणूस फरशी पुसत होता. त्याचं फडकं तीनदा समोरून गेलं.

“बाबा,” मुलगी म्हणाली, “आईला तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही.”

“सांगतो.”

“आज.”

“अगं, सांगतो म्हटलं ना.”

सांगणार होते. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तुझा दोष नव्हता, हे सांगायला जीभ कधीही तयार होती. त्याच्या पुढचं वाक्य होतं ते अडत होतं. पळी तिच्या हातात होती. आयुष्यभर आक्कांनी ठेवलेलं ओझं डोक्यावरून उतरवायचं आणि त्याच क्षणी दुसरं, जास्त जड, हातात द्यायचं? शिशाएवढं जड दुसरं काय असतं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

ते त्या दिवशी बोलले नाहीत. वड्या गोणीत भरून त्यांनी जिन्याखाली नेऊन ठेवल्या. बायकोला म्हणाले, “डॉक्टर म्हणाल्या, हिला मोकळी हवा पाहिजे. वर आक्काकडे झोपेल काही दिवस.”

आणि इथे त्यांनी घोळ घातला. गल्लीत घरं काय कमी होती? पण जवळ जवळ म्हणून त्यांनी नेमकं आक्कांचंच घर गाठलं. मुलगी म्हणाली, “बाबा, अजून सांगितलं नाहीत ना?” ते म्हणाले, “उद्या.” ती रागाने वर गेली. आईने नव्या अभ्र्यांकडे बघितलं आणि ते परत कपाटात ठेवले.

उद्याचा परवा झाला. गल्लीत बोलणं सुरू झालं. पोरगी आईकडे आली आणि झोपते आत्याकडे. काहीतरी आहे बुवा. बायको मान खाली घालून बाजारात जाई, मान खाली घालून येई. तिने कुणाला काही विचारलं नाही. तिने आपलं उत्तर आपणच काढलं होतं: लेकीलाही तेच वाटतंय.

तिसऱ्या दिवशी दुपारी आक्का खाली उतरल्या. शिसेराव जेवायला बसले होते. “पोरीची उशी द्या,” आक्का दारातूनच म्हणाल्या. “माझ्याकडची तिला टोचते.”

बायकोने कपाटातून उशी काढली. नवा अभ्रा घातला, कोपरे सरळ केले.

“वाईट वाटून घेऊ नकोस हो,” आक्का म्हणाल्या. वाईट वाटावं म्हणूनच बोलायचं असलं की त्या अशी सुरुवात करत. “पोरीला अक्कल आली म्हणायची. ह्या घरात थारा लागत नाही हे मी आधीपासून सांगत आले. खुद्द लेकीने वर येऊन दाखवलं.”

“घ्या वन्सं,” बायको म्हणाली आणि उशी पुढे केली.

“आक्का, बस.”

दोघी वळल्या. शिसेराव ताटावरून उठले होते. हात तसाच उष्टा.

“काय बस?”

“हिच्या कुशीचं नाव पुन्हा काढायचं नाहीस. दोष कुशीत नव्हता. माझ्या कामात होता.” त्यांनी खिळ्यावरच्या पळीकडे बोट केलं. “त्या शिशात. विष असतं ते. डॉक्टरांनी सांगितलंय, त्याने बाळं जाऊ शकतात. पोरगी तुझ्याकडे झोपते ती ह्याच्यामुळे. हिच्यामुळे नव्हे. माझा पाय मोडला, शिसं बंद पडलं, त्याच वर्षी ती झाली. तूच आठव.”

“काहीतरीच!” आक्का म्हणाल्या. पण त्या आठवत होत्या, ते चेहऱ्यावर दिसलं. दुसऱ्यांच्या घरातल्या तारखा त्यांच्याइतक्या कुणाच्या लक्षात नसत. “तुला कसलं कसलं खूळ... विष असतं तर तू कसा जिवंत?” असं पुटपुटत त्या उशी न घेताच वळल्या. जिन्यावर त्यांची पावलं दर पायरीला अडखळली.

बायको उशी पोटाशी धरून उभी होती.

“कधी कळलं?”

“दवाखान्यात गेलो त्या दिवशी.”

“आणि मला आज सांगता.”

शिसेरावांनी ताट बाजूला सारलं.

“पळी मी धरत होते,” ती म्हणाली.

“तुझ्या हातात मी दिली.”

“मास्तरांना माहीत होतं? विष असतं ते?”

“मास्तरांना शब्द माहीत होता. तेवढाच.”

ती खाली बसली. उशीचा कोपरा सरळ करत म्हणाली, “वन्सं जिन्यात बोलायच्या तेव्हा तुम्ही म्हणायचात, आक्काचं तोंडच तसं. मनात काय म्हणायचात?”

खोटं बोलायला ही जागा चांगली होती. कुणीही बोललं असतं. शिसेरावांनी उष्ट्या हाताकडे बघितलं.

“मलाही तसंच वाटायचं,” ते म्हणाले.

ती रडली नाही. तिने उशी बाजूला ठेवली, उठली, बादलीत पाणी घेतलं, फडकं भिजवलं आणि ओटा पुसायला लागली. ते मदतीला पुढे झाले तर तिने दुसरं फडकं त्यांच्याकडे न बघता मागे टाकलं. संध्याकाळपर्यंत दोघं पुसत होती. भिंत, फडताळ, खिडकीची चौकट, शेगडीचे पाय. फडकं पिळलं की पाणी करडं निघायचं. शेवटी तिने स्वतः पळी खिळ्यावरून काढली, जुन्या कापडात गुंडाळली आणि त्यांच्या हातात दिली.

“ही त्या गोणीबरोबर जाऊ दे. आणि एक करा.”

“काय?”

“इतकी वर्षं घरोघर तो शब्द सांगत हिंडलात ना? अर्धाच सांगितलात. आता पुरता सांगा. जिथे जिथे वन्संचं बोलणं पोचलंय, तिथे तिथे पोचू दे.”

घर पुसून झालं, रक्ताचे निकाल आले. आईबापाच्या रक्तात शिसं निघालं, दोघांवर उपचार सुरू झाले. मुलीच्या रक्तात नसल्यासारखंच होतं. ती आपली उशी परत मागायला खाली आली, तर उशी आधीच खिडकीपाशी तयार होती.

आणि शिसेराव कामाला लागले. आता तेही नळाला प्लास्टिकच वापरतात, गोंदवाल्या पोरांकडून शिकले. पोरांनी चिडवायची संधी सोडली नाही. त्यांनीही ऐकून घेतलं. पण वहिनींना पाना बाजूला ठेवून ते अजून विचारतात, “प्लंबर म्हणजे काय, माहीत आहे?” वहिनी म्हणतात, “माहीत आहे हो, रोम आणि प्लंबम.” ते म्हणतात, “शेवट माहीत नाही.” आणि मग तो शेवट सांगतात. उभ्याने, हात जोडल्यासारखे पुढे धरून, कुणाच्या डोळ्यांत न बघता. माझ्या बायकोला जे म्हणत होतात ते खरं नव्हतं. शिसं मी आणलं. ते घरात होतं तेव्हा तीन गेली. ते बंद होतं तेव्हा एक राहिली. सुरुवातीला लोक चुळबुळत. नळ दुरुस्तीला आलेल्या माणसाकडून असलं कोण ऐकतं? पण ते थांबत नसत. धार तोडायची नाही, ही जुनी सवय.

एकदा एका घरचं बेसिन बदलायचं होतं. वजन जड, त्यांच्या मनगटात आता पूर्वीचा जोर नाही, म्हणून बायको हात द्यायला बरोबर गेली. त्या घरात पाळणा होता. ती दारातच थांबली. बेसिन बसलं, घरातली सून चहा घेऊन आली, आणि शिसेरावांनी सुरुवात केली. बायको बरोबर आहे म्हणून टाळतील असं कुणाला वाटलं असेल तर ते चुकलं. रोम, प्लंबम, शिसं, शेगडी, पळी. “...आणि आमची तीन गेली,” ते म्हणाले.

“चार.”

शिसेराव मागे वळले.

बायको दारातून आत आली होती. पाळण्याच्या दांडीवर तिने हात ठेवला होता, वाकून बघत होती. “चार,” ती पुन्हा म्हणाली. “एक अगदी सुरुवातीलाच गेलं. वन्संच्या भीतीने मी कुणाला सांगितलंच नव्हतं. तुम्हालासुद्धा.”

नव्या नळातून एक थेंब पडला आणि नळ बंद राहिला.

“चार,” शिसेराव म्हणाले. आणि ते तिथूनच पुढे सांगायला लागले. बायको पाळणा हळूहळू हलवत ऐकत होती.